नळाच्या पाण्याचा तपासणी अहवाल कसा वाचावा

आधी एकक बघा, आकडा नंतर. एक मिलिग्रॅम प्रतिलिटर म्हणजे 1000 मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची शिशाची मार्गदर्शक मर्यादा 10 मायक्रोग्रॅम प्रतिलिटर आहे, अहवालात 0.01 मिलिग्रॅम दिसलं तर ते तेवढंच. आर्सेनिकची मर्यादाही तीच, फ्लोराइडची 1.5 मिलिग्रॅम.

सगळ्यात जास्त घोळ नायट्रेटमध्ये होतो. मर्यादा 50 मिलिग्रॅम, पण काही प्रयोगशाळा आकडा ‘नायट्रोजनच्या रूपात’ देतात. तो 4.43 ने गुणा: 12 म्हणजे सुमारे 53, मर्यादेच्या वर! असं पाणी बाटलीने दूध पिणाऱ्या बाळाला देऊ नका. उकळूनही उपयोग नाही. पाणी आटतं, नायट्रेट उलट दाट होतं.

‘आढळले नाही’ यावर लगेच विसंबू नका. शेजारची शोधमर्यादा, म्हणजे त्या चाचणीला ओळखता येणारं सर्वांत कमी प्रमाण, वाचा. शिशासाठी ती 20 मायक्रोग्रॅम असेल, तर शिसं 10 च्या मर्यादेत आहे हे त्या चाचणीने सिद्ध होत नाही.

शहराचा अहवाल चांगला असला तरी शिसं बहुतेकदा घरातल्या जुन्या पाइपातून, सांध्यांतून आणि पितळी तोट्यांतून उतरतं. म्हणून नमुना स्वतःच्या नळाचा घ्या: किमान सहा तास पाणी न वापरता, सकाळचं पहिलं एक लिटर, नळाची जाळी न काढता. पाच मिनिटं नळ सोडून दुसरी बाटली भरा. पहिलीत शिसं जास्त आणि दुसरीत कमी निघालं, तर दोष बहुधा घरातल्याच नळजोडणीत आहे.

ई. कोलाय या विष्ठेतून येणाऱ्या जिवाणूच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली हवी. 100 मिलिलिटरमध्ये एकही चालत नाही.