टर्बो इंजिनात पाणी-मेथॅनॉलचा फवारा बसवताना

टर्बोचा बूस्ट, म्हणजे तो इंजिनात ज्या जादा दाबाने हवा भरतो तो दाब, वाढवला की दाबलेली हवा तापते आणि सिलिंडरमधले उरलेले मिश्रण ज्वाळा पोहोचण्याआधीच पेटून इंजिन नॉक करू लागते. पाणी आणि मेथॅनॉलचा फवारा हा त्यावरचा जुना उपाय आहे. एक किलो पाण्याची वाफ होताना सुमारे २२५७ किलोज्यूल उष्णता शोषली जाते, मेथॅनॉलची होताना सुमारे ११००, तर पेट्रोलची होताना जेमतेम ३५०. म्हणजे थंडावा मुख्यतः पाण्याचा आणि जास्त ऑक्टेनची (नॉक टाळण्याच्या क्षमतेची) भर मेथॅनॉलची. सुरुवातीला दोन्ही आकारमानाने निम्मे-निम्मे घ्यावेत आणि पाणी डिस्टिल्डच वापरावे.

पूर्ण भारावर लागणाऱ्या पेट्रोलच्या १० ते २० टक्के फवारा सहसा पुरतो. इंजिन मिनिटाला १००० मिलिलिटर पेट्रोल घेत असेल, तर १५० मिलिलिटर धरावे. मात्र नोझलवरचा (फवाऱ्याच्या तोटीवरचा) आकडा ठरावीक दाबाचा असतो आणि प्रवाह दाबातील फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. पंप १० बारचा व बूस्ट १ बारचा असेल तर फरक ९ बारचा उरतो, त्यामुळे ७ बारवर १३० मिलिलिटर देणारे नोझल योग्य ठरते. ते इंटरकूलरच्या (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या) पुढे, थ्रॉटलच्या (हवा नियंत्रित करणाऱ्या झडपेच्या) अलीकडे बसवावे आणि त्याच्या अगदी जवळ सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेने उघडझाप होणारी झडप) घालावा, नाहीतर पंप बंद असतानाही नळीतले द्रव आत झिरपू शकते.

खरी कसोटी फवारा बंद पडल्यावर लागते. १९६२च्या ओल्ड्समोबील जेटफायरमध्ये १०.२५:१ इतक्या कॉम्प्रेशनवर (सिलिंडरमध्ये मिश्रण दाबले जाण्याच्या प्रमाणावर) टर्बो चालवण्यासाठी हेच मिश्रण वापरले होते आणि टाकी रिकामी झाली की बूस्ट आपोआप मर्यादित होई. मालक टाकी भरायला विसरत आणि गाडीत दम नाही म्हणून कुरकुरत, पण इंजिन वाचे. आपल्या जोडणीतही नुसत्या पातळीच्या दिव्यावर विसंबू नये. चोंदलेले नोझल त्याला कळत नाही. प्रवाहाचा सेन्सर लावून तो ईसीयूला (इंजिनाच्या नियंत्रक संगणकाला) जोडावा, म्हणजे प्रवाह घटताच बूस्ट उतरेल आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे येईल. ही व्यवस्था फवारा मुद्दाम तोडून तपासल्यानंतरच टायमिंग एकेक अंशाने, नॉकवर लक्ष ठेवून पुढे न्यावे.

मेथॅनॉल विषारी असून त्वचेतूनही शोषले जाते आणि त्याची ज्वाळा भर उन्हात जवळपास दिसत नाही. म्हणून हातमोजे घालूनच मिश्रण करावे आणि टाकी प्रवाशांच्या जागेत ठेवू नये.