दत्तजयंतीचा बाजार गाठायचा असेल, तर घोड्याची पहिली लस कोजागिरीला

नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याचा घोडेबाजार दत्तजयंतीला सुरू होतो. दोन आठवड्यांत नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा येते. दोन्हीकडे लांबलांबच्या राज्यांतली जनावरं शेजारी शेजारी बांधली जातात, आणि घोड्यांच्या फ्लूला, म्हणजे अश्व इन्फ्लुएंझाला, एवढंच हवं असतं. एक घोडा खोकला की त्याचे तुषार तीस मीटरवरच्या जनावरापर्यंत पोचतात. एक ते तीन दिवसांत ताप चढतो, तो १०६ अंश फॅरनहाइटपर्यंतही जातो. मग कोरडा, ठसका लागल्यासारखा खोकला आणि नाकातून पाणी. २००८ च्या जूनमध्ये जम्मूजवळच्या कटरा इथे याच फ्लूच्या एच३एन८ विषाणूची साथ उठली आणि पुढे अनेक राज्यांत पसरली.

बहुतेकांची चूक एकच असते: बाजाराच्या आठ दिवस आधी लस टोचून घेतात आणि काम झालं असं धरतात. पहिल्या डोसाने शरीराला रोगाची फक्त ओळख होते. खरं संरक्षण दुसऱ्या डोसानंतर साधारण दोन आठवड्यांनी येतं, आणि दोन डोसांत चार ते सहा आठवड्यांचं अंतर लागतं. म्हणून हिशेब उलटा करायचा. कोजागिरीला पहिला डोस, त्रिपुरी पौर्णिमेला दुसरा, दत्तजयंतीला घोडा बाजारात. तीन पौर्णिमा, एकोणसाठ दिवस, आणि हाताशी थोडी सवडही राहते. तुळशीचं लग्न लागलं की वरातीच्या सुपाऱ्या सुरू होतात. तेव्हा घोडा दोन डोसांच्या मध्ये असतो, हे सुपारी घेताना ध्यानात ठेवा. तिसरा डोस दुसऱ्यानंतर पाच ते सहा महिन्यांनी, म्हणजे चैत्र-वैशाखाच्या पौर्णिमेला. मध्ये अधिक मास आला तर पौर्णिमा न मोजता दिवस मोजा. पुढे वर्षातून एकदा. सतत बाजार, शर्यती, वराती करणाऱ्या जनावराला दर सहा महिन्यांनी. कुपीबरोबरच्या कागदावर वेगळं अंतर दिलं असेल तर तेच पाळा.

तिन्ही डोस वेळेवर झालेल्या घोड्याला तुळशीच्या लग्नाच्या सुमारास एक बूस्टर पुरतो. शेवटच्या डोसाला वर्ष उलटून गेलं असेल तर पहिल्यापासून सुरुवात करणंच शहाणपणाचं.

शिंगराला सहा महिने पुरे होईपर्यंत थांबा. चिकाच्या दुधातून मिळालेली प्रतिद्रव्यं लसीला दाबून टाकतात, आणि डोस वाया जातो. गाभण घोडीला विण्याआधी चार ते सहा आठवडे बूस्टर दिला, तर तेच संरक्षण चिकातून शिंगराला मिळतं.

घोड्यांची लस प्रत्येक दवाखान्यात तयार असेल असं धरू नका. पोळा झाला की आपल्या आणि शेजारच्या पागांतली जनावरं मोजा आणि पशुवैद्यकांकडे एकत्र मागणी नोंदवा. पागेतली सगळी जनावरं एकाच दिवशी टोचा. अर्धी राहिली तर त्यांच्यातच रोग फिरत राहतो. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची. बर्फाला थेट टेकलेली किंवा फ्रीजरमध्ये गोठलेली कुपी वितळल्यावर वरून चांगली दिसते, पण तिची ताकद गेलेली असते. आईस पॅक आणि कुपी यांच्यामध्ये वर्तमानपत्राची जाड घडी घाला.

टोचायच्या दिवशी सकाळी ताप बघा. थर्मामीटरला दोरा बांधून चिमट्याने शेपटीच्या केसांना अडकवा, म्हणजे निसटून पडत नाही. १०१.५ च्या वर असेल तर त्या जनावराला लस नको. सुई मानेच्या त्रिकोणात, खोल स्नायूत: खांद्याच्या एक तळहात पुढे, आयाळीखालच्या जाड पट्ट्याच्या खाली आणि मणक्याच्या वर. पुठ्ठ्यावर, म्हणजे मागच्या ढुंगणाच्या भागावर, टोचू नका. तिथे गळू झालं तर पू निचरत नाही. प्रत्येक घोड्याला नवी सुई. दुसऱ्या दिवशी मान आखडते, खाली वाकवत नाही, म्हणून चारा-पाणी छातीच्या उंचीवर ठेवा. दोन-तीन दिवस दौड नाही, गाडी नाही.

साथ गावात आलीच असेल तर आधी ये-जा बंद करा, लस त्यानंतर. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २००७ मध्ये हा रोग प्रथमच शिरला, तेव्हा घोड्यांची वाहतूक थांबवून बाधित भागाभोवती लसीचे पट्टे आखले आणि रोग देशातून हद्दपार केला. आपल्याकडेही क्रम तोच: खोकणारं जनावर वेगळं, त्याचा मोतद्दार (निगा राखणारा माणूस), बादली, तोबरा, खरारा सगळं वेगळं. बाकीच्यांचा ताप दिवसातून दोनदा वहीत लिहा. पूर्वी लस झालेल्या, ताप नसलेल्या घोड्यांना लगेच बूस्टर द्या, त्यांच्यात आठवड्याभरात प्रतिकार वाढतो. कधीच लस न झालेल्यांना दोन डोस होऊन संरक्षण यायला कमीत कमी दीड महिना लागतो, तोवर त्यांना कुठेही हलवू नका. बरा झालेला घोडा लगेच जुंपू नका: जितके दिवस ताप, तितके आठवडे विश्रांती, आणि कमीत कमी तीन आठवडे. घाई केली तर खोकला फुप्फुसात उतरतो.

धनुर्वाताची लसही याच दिवसांत उरकून घ्या. नालेचा खिळा लागला की घोडा धनुर्वाताला लवकर बळी पडतो.

मात्र नाकातून घट्ट, चिकट, पिवळट-हिरवा स्राव येत असेल, अंगावर गाठी फुटत असतील, तर तो फ्लू समजू नका. तो ग्लँडर्स असू शकतो. त्यावर लस नाही, माणसालाही तो होतो, आणि २००९ च्या प्राणी रोग नियंत्रण कायद्याखाली त्याची खबर देणं बंधनकारक आहे. स्वतः हात न लावता पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवा. रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासला जातो. बाजारात घोडा घेताना ग्लँडर्सच्या तपासणीचा दाखला आणि लसीच्या नोंदी, कुपीच्या बॅच नंबरासह, मागून घ्या. घरी आणल्यावर एकवीस दिवस त्याला जुन्या दावणीपासून लांब, त्याच्याकडचा वारा दावणीकडे येणार नाही अशा बाजूला बांधा.