राजा परतला त्या वर्षाचं इतिवृत्त कसं वाचावं

नगरपालिकेच्या सभा शाखेत मी एकोणतीस वर्षं इतिवृत्तं लिहिली. विषयपत्रिका काढायची, सभागृहात कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून टिपणं घ्यायची, सूचक-अनुमोदकांची नावं बरोबर लागली का ते बघायचं, ठराव बुकात उतरवायचा आणि पुढच्या सभेत तो कायम करून घ्यायचा. निवृत्तीनंतर भाचीला अभ्यासात मदत म्हणून इंग्लंडच्या कॉमन्स सभागृहाचं १६६० सालचं इतिवृत्त उघडलं. भाषा सोडली तर हे आपलंच ठराव बुक आहे, असं पहिल्याच पानावर वाटलं. भाचीची परीक्षा कधीच संपली, मी मात्र अजून वाचतेच आहे. इंग्रजी वाचता येत असेल आणि जवळ एक दोनशे पानी वही असेल तर हे कुणालाही जमेल. कसं, ते सांगते.

कॉमन्सच्या छापील इतिवृत्ताचा आठवा खंड घ्या. त्यात १६६० ते १६६७ ही वर्षं आहेत. ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइनवर तो दिवसवार लावलेला आहे. सुरुवात २५ एप्रिल १६६० पासून करा.

त्याआधीची गोष्ट थोडक्यात अशी. १६४९ मध्ये चार्ल्स पहिला याचा शिरच्छेद झाला आणि त्यानंतर अकरा वर्षं, म्हणजे त्याचा मुलगा चार्ल्स दुसरा १६६० मध्ये परत येईपर्यंत, देश राजाविना चालला. १६५८ मध्ये पार्लमेंटचा सेनापती आणि पुढे देशाचा सत्ताधीश झालेला क्रॉमवेल गेल्यावर घडी विस्कटली. जनरल मंक स्कॉटलंडहून सैन्य घेऊन लंडनला आला. १६४८ मध्ये सैनिकांनी ज्या सदस्यांना दारातून परत पाठवलं होतं, त्यांना त्याने २१ फेब्रुवारी १६६० ला पुन्हा आत बसवलं. १६ मार्चला त्या जुन्या सभागृहाने स्वतःचं विसर्जन केलं, निवडणुका झाल्या आणि २५ एप्रिलला नवं सभागृह भरलं. सर हारबॉटल ग्रिमस्टन सभापती झाले.

आता त्या पानाच्या डोक्यावर बघा. वार लॅटिनमध्ये आहे आणि तिथेच बहुतेक जण दचकतात. मराठी माणसाने दचकायचं कारण नाही. ‘दिए मार्तिस’ म्हणजे मंगळाचा दिवस. लुने म्हणजे सोम, मर्क्युरी म्हणजे बुध, योविस म्हणजे गुरू, वेनेरिस म्हणजे शुक्र. ग्रहांचा क्रम आपलाच आहे. फक्त शनिवारी ग्रहाऐवजी ‘साबाती’ येतं, तेवढं लक्षात ठेवा.

वर्षाच्या आकड्याला मात्र जपा. तेव्हा इंग्लंडात कायद्याचं नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे आपण ज्याला जानेवारी १६६० म्हणतो, तो त्यांच्या कागदावर जानेवारी १६५९ असतो. शिवाय त्यांची दिनदर्शिका युरोपातल्या नव्या दिनदर्शिकेच्या दहा दिवस मागे होती. आपल्याकडच्या शिवकाळाच्या अभ्यासकांना हा घोळ चांगला ओळखीचा आहे. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख त्याच जुन्या मोजणीतली आहे. रायगडावर हजर असलेला ईस्ट इंडिया कंपनीचा वकील ऑक्सिंडेन आपल्या नोंदी त्याच पंचांगाने करत होता. मी वहीत डाव्या समासात कागदावरची तारीख लिहिते आणि तिच्याखाली कंसात आपलं वर्ष. हे पहिल्या दिवसापासून करा. मी केलं नव्हतं, आणि पन्नास पानं पुन्हा लिहिली.

कायद्यांच्या पुस्तकात आणखी एक आकडा भेटेल. १६६० चे कायदे ‘चार्ल्स दुसरा, वर्ष १२’ असे नोंदवलेले आहेत. गादीवर बसला १६६० मध्ये, मग बारावं वर्ष कुठून आलं? त्याची कारकीर्द वडिलांचा शिरच्छेद झाला त्या दिवसापासून, म्हणजे ३० जानेवारी १६४९ पासून मोजली. मधली अकरा वर्षं राजा नव्हता हे कायद्याच्या पुस्तकाने मान्यच केलं नाही. एका आकड्यात एवढं मोठं राजकारण बसलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

मग मजकूर वेगळा करा. माझ्या वहीत चार रकाने असतात: ठराव, आदेश, विधेयकाचं वाचन आणि मतविभागणी. ‘रिझॉल्व्ह्ड’ म्हणजे सभागृहाचं मत ठरलं, तो ठराव. ‘ऑर्डर्ड’ म्हणजे कुणाला तरी काम सांगितलं, तो आदेश. ‘नेमिने कॉन्त्रादिसेन्ते’ आलं की समजा, विरोधात कुणी नाही. आपण लिहितो तसं सर्वानुमते.

१ मे १६६०, मंगळवार, या पानावर हे लावून बघा. सर जॉन ग्रेनव्हिल राजाचं पत्र घेऊन आला. सोबत राजाने नेदरलँड्समधल्या ब्रेडा गावाहून काढलेला ४ एप्रिलचा जाहीरनामा होता. त्यात राजाविरुद्ध गेलेल्यांना माफी, धर्माच्या बाबतीत सवलत, बळकावलेल्या जमिनींचा निवाडा आणि सैन्याची थकबाकी, एवढ्या चारही गोष्टींचा शेवट राजाने पार्लमेंटवर सोपवला होता. पत्र वाचलं गेलं. राज्यकारभार राजा, लॉर्ड्स (सरदारांचं सभागृह) आणि कॉमन्स (लोकप्रतिनिधींचं सभागृह) यांचा आहे व असावा, ही भूमिका घेतली गेली. राजाला ५०,००० पौंड मंजूर झाले. त्याच आठवड्यात ग्रेनव्हिललाही रत्न घेण्यासाठी ५०० पौंड दिले. अकरा वर्षांची उलथापालथ त्या एका दिवसात मिटली, आणि इतिवृत्त ते रस्त्याच्या खडीकरणाचा विषय लिहावा तितक्या शांतपणे लिहितं. तो शांतपणा कोरडेपणा समजू नका. लिहिणाऱ्याचं काम तेच असतं. राजा २९ मे रोजी, स्वतःच्या तिसाव्या वाढदिवशी, लंडनमध्ये शिरला.

एक अडचण उरली होती. हे सभागृह राजाच्या फर्मानाने बोलावलेलं नव्हतं, म्हणून तर त्याला कन्व्हेन्शन म्हणतात. नोटीस न काढता भरलेली सभा कायदेशीर कशी? त्यावर त्यांनी केलं ते आपण ज्याला कार्योत्तर मंजुरी म्हणतो तेच. सभागृहाची बैठक वैध आहे असा कायदा केला, १ जूनला राजाने संमती दिली, आणि त्या वर्षाच्या कायद्यांत पहिला क्रमांक त्याचाच लागला.

विधेयकाचा माग काढायचा तर एकच निवडा आणि तेच शेवटपर्यंत धरा. माझा सल्ला माफीच्या विधेयकाचा. पहिलं वाचन ९ मे रोजी झालं. दुसऱ्या वाचनानंतर विधेयक समितीकडे जातं, तिथून अहवाल येतो, मजकूर चर्मपत्रावर सुवाच्य उतरवला जातो, तिसरं वाचन होतं आणि मग ते लॉर्ड्सकडे जातं. हे ११ जुलैला कॉमन्समधून बाहेर पडलं. लॉर्ड्सना जास्त माणसं माफीतून वगळायची होती, म्हणून ते रेंगाळलं. २७ जुलैला राजाने स्वतः लॉर्ड्समध्ये येऊन घाई करा म्हटलं. संमती २९ ऑगस्टला मिळाली. संमतीचे शब्द जुन्या फ्रेंचमध्ये येतात: ‘ल र्वा ल व्हल्त’, राजाची तशी इच्छा आहे. प्रत्येक टप्प्यापुढे तारीख लिहा. दोन तारखांमधलं अंतर वाढलं की समजा, तिथे भांडण आहे.

भांडणात कोण काय म्हणालं हे मात्र या बुकात शोधू नका. भाषणं त्यात नाहीत. तरी एका ठिकाणी बोललेले शब्दच सापडतात, ते पान चुकवू नका. १२ मे रोजी याच विधेयकावर जुने सभापती विल्यम लेंथल यांचा मुलगा जॉन बोलला. राजाविरुद्ध ज्याने पहिली तलवार उपसली, त्याचा गुन्हा राजाचं डोकं उडवणाऱ्याइतकाच मोठा, असं तो म्हणाला. सभागृहात बसलेल्या कितीतरी जणांनी १६४२ मध्ये, राजा आणि पार्लमेंट यांच्यातलं यादवी युद्ध सुरू झालं तेव्हा, पार्लमेंटच्या बाजूने तलवार उपसलेली होती. मंक स्वतः क्रॉमवेलचा सेनानी होता. जॉनला कठड्याशी आणून गुडघ्यावर बसवलं आणि सभापतींनी कडक समज दिली. शब्द हाच अपराध ठरला, म्हणून तेवढे शब्द नोंदवले गेले. मला मात्र त्याच्या वडिलांचं गुडघे टेकणं आठवलं. जानेवारी १६४२ मध्ये पाच सदस्यांना पकडायला राजा चार्ल्स पहिला सभागृहात शिरला, तेव्हा गुडघे टेकूनच विल्यम लेंथल म्हणाले होते की सभागृह सांगेल त्याखेरीज मला इथे बघायला डोळे नाहीत आणि बोलायला जीभ नाही. बापलेकांची ही दोन पानं शेजारी ठेवून वाचावीत.

मतविभागणी हा माझा आवडीचा रकाना. तेव्हा हात वर करून मोजत नसत. एक बाजू बाहेर जाई, दुसरी बसून राही, आणि दोन्हीकडचे दोन-दोन मोजणारे संख्या सांगत. इतिवृत्तात त्या चौघांची नावं असतात. ती जरूर उतरवा, कारण कोण कुठल्या बाजूला होतं याचा लेखी पुरावा बहुधा तेवढाच. दोन्ही आकड्यांची बेरीज केली की हजेरीचा अंदाज येतो.

नोव्हेंबर १६६० मधली १५१ विरुद्ध १४९ ही मतविभागणी घ्या. जुन्या सरंजामी हक्कांमुळे जमीनदार वारला आणि वारस अज्ञान असला तर त्याचं पालकत्व राजाकडे जाई, आणि राजा ते विकू शके. जमीनदारांना हे जोखड नको होतं. पण राजाचं वर्षाचं १,००,००० पौंडांचं उत्पन्न कसं भरून काढायचं? जमिनीवर कर बसवावा, की बिअर, सायडर, कॉफी, चहा यांच्यावरची निम्मी एक्साइज, म्हणजे मालावरचा कर, राजाला कायमची द्यावी? दोन मतांनी एक्साइज जिंकली. घरपट्टी माफ करून तेवढा बोजा बाजारातल्या भाजीवालीवर टाकावा, तसा हा निर्णय. माझ्या मते त्या सबंध वर्षात सामान्य माणसाच्या खिशाला याइतका जाणवलेला ठराव दुसरा नसेल, आणि पानावर त्याने जागा व्यापली आहे जेमतेम काही ओळींची. अशा ओळींपाशी थांबा. याच महिन्यापासून कवी अँड्र्यू मार्व्हेल हल शहराचा प्रतिनिधी म्हणून तिथल्या नगरमंडळाला नियमित पत्रं लिहीत होता. ती शेजारी ठेवली की बुकात न आलेलं वातावरण कळतं.

मुंबईसाठी म्हणून काही जण हे खंड उघडतात, त्यांनाही एक सांगते. नवं पार्लमेंट ८ मे १६६१ रोजी भरलं, तेव्हा राजाने पोर्तुगालच्या राजकन्येशी लग्न ठरल्याचं जाहीर केलं. तह २३ जून १६६१ चा, आणि मुंबई त्यातच आली. पण लग्न आणि तह हे राजाच्या अधिकारातले विषय. ‘मुंबई घ्यावी का’ असा ठराव शोधत बसाल तर वेळ जाईल. कुठला विषय सभेपुढे येतो आणि कुठला येतच नाही, हे आधी ठरवून मगच शोधा.

शेवटचं काम क्रियापदांचं. ते शिकायला सातवा खंड लागतो.

२० एप्रिल १६५३ रोजी क्रॉमवेलने सैनिक आणून पार्लमेंट उठवलं. क्लार्क हेन्री स्कोबेल याने बुकात लिहिलं की आज लॉर्ड जनरलनी (म्हणजे क्रॉमवेलने) हे सभागृह विसर्जित केलं. पुढे तेच सदस्य सत्तेवर परतले. आपण विसर्जित झालोच नव्हतो, मध्ये फक्त खंड पडला होता, असं त्यांचं म्हणणं. ७ जानेवारी १६६० ला (त्यांच्या कागदावर १६५९) त्यांनी स्कोबेलला कठड्याशी उभं केलं, नोंद खोटी ठरवली आणि ती खोडायचा हुकूम काढला. सॅम्युएल पीप्सने दोनच दिवसांनी, ९ जानेवारीला, हा प्रसंग डायरीत लिहिला. स्कोबेलचा एक नातेवाईकच पीप्सला सांगत होता. स्कोबेल म्हणाला, अक्षर माझंच आहे. कुठलं सभागृह कसं संपलं हे पुढच्यांना कळावं म्हणून लिहायची आमच्या कामाची रीत आहे. आणि ‘विसर्जित’ खेरीज दुसरा शब्द त्या वेळी माझ्या कानावर आला नव्हता. तुम्हाला ‘खंड’ हा शब्द सुचायला सहा वर्षं लागली, तो मी आधीच मनाने कसा घडवणार?

हे मी वाचलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि मला उठून बाल्कनीत जावं लागलं. एकदा मी ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब’ असं लिहिलं होतं आणि मला ते बदलून ‘कामकाज संपल्याने सभा समाप्त’ करायला सांगितलं गेलं. मी बदललं नाही. त्यानंतर पाच महिने माझं टेबल जन्म-मृत्यू नोंदणीत होतं. स्कोबेलसारखं उत्तर मला तेव्हा सुचलं नव्हतं.

म्हणून प्रत्येक पान संपलं की परत वर जा आणि फक्त क्रियापदांखाली पेन्सिलीने रेघ ओढा: बोलावलं, भरलं, तहकूब केलं, विसर्जित केलं. त्यापुढे दोन गोष्टी लिहा. हे क्रियापद कुणी केलं, आणि ते बुकात कधी लिहिलं गेलं. सुरुवातीला २५ एप्रिल ते १२ मे १६६० एवढीच पानं घ्या. रोज एक बैठक वाचलीत तर तीन आठवड्यांत होतील.