खडखड ऐकू नका, बोटाने शोधा

आयटीआयचा दोन वर्षांचा मोटर मेकॅनिक कोर्स करून भांडुपच्या एका गॅरेजात लागलो, तेव्हा मॅकफर्सन स्ट्रटची, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंग-शॉकअपच्या जोडणीची, आकृती मी झोपेतही काढली असती. पहिल्याच पावसाळ्यात एक काका सेडान घेऊन आले. पेव्हर ब्लॉकवर गाडी पुढून डावीकडे खडखडायची, मोठ्या खड्ड्यात मात्र गप्प. मी ताबडतोब म्हणालो, शॉकअप गेले.

उस्तादांनी एवढंच विचारलं, "तेल गळतंय का? बघितलंस?" शॉकअप कोरडे ठणठणीत होते.

मग मी डावी बाजू जॅकवर घेतली, लिंक रॉड, म्हणजे डावी-उजवी बाजू जोडणाऱ्या स्टॅबिलायझर बारला स्ट्रटशी जोडणारी छोटी दांडी, हलवून पाहिला. घट्ट! उस्तादांनी गाडी खाली उतरवायला लावली, माझं बोट लिंक रॉडच्या वरच्या सांध्यावर ठेवलं आणि पोऱ्याला बॉनेट दाबून गाडी झुलवायला सांगितलं. बोटाखाली टक्, टक्. एकच चाक उचललं की स्टॅबिलायझर बार पिळतो आणि सांध्यातली ढिलाई ताणाखाली लपते. दोन्ही चाकं जमिनीवर नाहीतर दोन्ही हवेत, हे कुणी शिकवलंच नव्हतं.

आवाजावरून अंदाज बांधता येतो, नाही असं नाही. ब्रेक मारताना 'धप्' झालं तर आधी लोअर आर्मचे, म्हणजे चाक खालून धरणाऱ्या दांड्याचे, रबरी बुश बघा. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग 'टण्ण' उडाली तर स्ट्रटच्या वरचं बेअरिंग. पूर्ण वळवून चालवताना कटकट आली तर सस्पेन्शन सोडा, अ‍ॅक्सलचा जॉइंट बघा. आणि सगळ्यात आधी डिकी रिकामी करा. सैल जॅकने माझा एकदा अर्धा दिवस खाल्लाय. लिंक रॉडची खडखड गिऱ्हाईक आठवडाभर सोसेल, पण बॉल जॉइंट, म्हणजे लोअर आर्म आणि चाक यांच्यामधला गोल सांधा, ढिला सापडला तर गाडी सोडू नका. तो निसटला की चाक दुमडतं.

माझी खरी फजिती पुढे झाली. त्याच गाडीचे लोअर आर्मचे बुश मी बदलले, चाकं हवेत लोंबकळत असतानाच नट आवळले, अलाइनमेंट केली, गाडी दिली. तीन महिन्यांत काका परत. रबर फाटलेलं. या बुशचं रबर आतल्या-बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. ते फिरत नाही, पिळतं. हवेत आवळलं की गाडी जमिनीवर येताच पीळ बसतो तो कायमचा.

उस्ताद ओरडले नाहीत. नवे बुश माझ्या पगारातून आले. गाडी पिटवर, चारही चाकांवर उभी करून त्यांनी पाना माझ्या हातात दिला, "आता आवळ."