नाशिकबाहेर तारे बघायला जाताना: तयारीची यादी

सगळ्यात आधी तिथी बघा. भिंतीवरचं कॅलेंडर त्याला पुरतं. चंद्र रोज साधारण 50 मिनिटं उशिरा उगवतो आणि कृष्ण अष्टमीला मध्यरात्रीच्या सुमारास वर येतो. तिथपासून पुढच्या शुक्ल तृतीयेपर्यंत रात्रीचा पहिला प्रहर बऱ्यापैकी काळोखाचा मिळतो. चंद्रावरची विवरंच बघायची असतील तर मात्र शुक्ल सप्तमी-अष्टमी धरा. उजेड-अंधाराच्या सीमेवर तेव्हा सावल्या लांब पडतात. पौर्णिमेला तिथलं ऊन समोरून पडतं आणि सगळं सपाट दिसतं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी मार्गशीर्ष किंवा पौषातली अमावास्या धरावी. मार्गशीर्षाची पौर्णिमा मृगाजवळ होते, त्यामुळे त्या दिवसांत मृग संध्याकाळपासूनच आकाशात असतो. पावसाळ्यात बेत आखूच नका.

जागा दिवसाउजेडी बघून ठेवा. त्र्यंबक रस्त्याने अंजनेरीच्या पुढे गेलात की शहराचा झगमगाट पूर्वेला मागे राहतो आणि पश्चिम बरीच काळी होते. हरसूलकडे किंवा वैतरणेकडे आत गेलात तर आणखी छान. ओळखीच्या माणसाचा मळा सगळ्यात उत्तम, पण द्राक्षबागेच्या तारांपासून लांब, मोकळ्या पडीक तुकड्यावर बसा. रात्री गडावर चढू नका. उसाला लागून तर अजिबात नको, या जिल्ह्यात बिबट्या ही खरी गोष्ट आहे. चार-पाच जण तरी सोबत असावेत आणि मुलं मधे बसवावीत.

दक्षिणेचं क्षितिज उघडं आहे ना, तेवढं आवर्जून तपासा. हात ताठ करून मूठ धरली की ती आकाशात सुमारे 10 अंश झाकते. नाशिक 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून ध्रुव उत्तर क्षितिजापासून दोन मुठी वर सापडतो. अगस्त्य दक्षिणेला जास्तीत जास्त 17 अंशांवर येतो, म्हणजे दोन मुठींनाही थोडा कमीच. समोर डोंगर आला तर आकाशातला दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा हातचा जातो.

आता डोळे. माझ्या मते निम्मी तयारी इथेच आहे आणि बहुतेक जण नेमकी हीच विसरतात. मंद उजेडात दिसतं ते डोळ्यातल्या दंडपेशींमुळे. त्यांच्यातलं रोडॉप्सिन पांढऱ्या उजेडाने विघटित होतं आणि पुन्हा साठायला 20 ते 30 मिनिटं लागतात. कुणी एकाने मोबाइल उघडला की शेजारच्याचीही अर्ध्या तासाची कमाई जाते. म्हणून टॉर्चच्या तोंडावर लाल जिलेटिन कागदाचे दोन-तीन थर रबरबँडने घट्ट बांधा. लाल उजेडाचा दंडपेशींवर फारसा परिणाम होत नाही. गाडीचं दार उघडताच आतला दिवा लागतो, तो घरूनच बंद करून निघा. मोबाइलवर स्टेलॅरियम हे आकाशाचा नकाशा दाखवणारं ॲप वापरणार असाल तर त्यातला रात्रीचा लाल पडदा आधीच चालू करून बघा. आणि मुलांना तिरक्या नजरेची युक्ती शिकवा: अंधूक गोष्टीकडे सरळ बघू नका, तिच्या किंचित बाजूला बघा. नजरेच्या ऐन मध्यभागी दंडपेशी नसतात.

दुर्बिणीची घाई नको. 'पाचशे पट मोठं दिसेल' असं खोक्यावर छापलेलं असतं, त्याला भुलू नका. बघायचा तो भिंगाचा किंवा आरशाचा व्यास. अंधारात आपली बाहुली फार तर 7 मिलिमीटर उघडते. 50 मिलिमीटरची द्विनेत्री (दोन्ही डोळ्यांना लावायची दुर्बीण) तिच्यापेक्षा सुमारे 50 पट प्रकाश गोळा करते, कारण प्रकाश व्यासाच्या वर्गाने वाढतो. दहा बाय पन्नासची, म्हणजे दहा पट मोठं दाखवणारी आणि 50 मिलिमीटर भिंगाची साधी द्विनेत्री आणि टेकायला काहीतरी, एवढ्यावर गुरूचे चार मोठे चंद्र दिसतात. गॅलिलिओला ते 1610 च्या जानेवारीत दिसले होते. मोठी दुर्बीण असेलच तर तिचा शोधक, म्हणजे नेम धरायची वरची छोटी दुर्बीण, दिवसा लांबच्या टॉवरवर जुळवून घ्या, सूर्याच्या आसपास चुकूनही वळवू नका. पोचल्यावर ती तासभर उघड्यावर ठेवा. आरसा हवेइतका गार झाल्याशिवाय प्रतिमा थरथरतच राहते.

काय बघायचं ते कागदावर लिहून न्या आणि प्रत्येक नावापुढे प्रकाशाला लागलेला वेळ लिहा. मृगाच्या पोटातल्या तीन ताऱ्यांची रेघ एकीकडे व्याधाकडे जाते आणि दुसरीकडे रोहिणीच्या बाजूने कृत्तिकांकडे. व्याध 8.6 प्रकाशवर्षांवर आहे. तिसरीतल्या पोराला सांगा, हा उजेड निघाला तेव्हा तू नुकता जन्मला होतास. कृत्तिकांचा उजेड सुमारे 440 वर्षांचा, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधी निघालेला. आणि अंधार पडल्यावर वायव्येला उंचावर देवयानी तारकासमूहातला धुरकट ठिपका शोधा. ती आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी दीर्घिका आहे, 25 लाख प्रकाशवर्षांवर. नुसत्या डोळ्यांनी माणूस एवढं लांबचं बघू शकतो, हे मला आजही विलक्षण वाटतं. मृगातल्याच काक्षी या ताऱ्याची लाली आणि राजन्य या ताऱ्याची निळसर पांढरी छटाही शेजारी शेजारी ठेवून बघा: लाल तारा थंड, निळा तापलेला.

थंडी हलक्यात घेऊ नका. निफाडचा पारा हिवाळ्यात किती उतरतो हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. कानटोपी, दोन जोड मोजे, जाड सतरंजी, थर्मासमध्ये चहा. सतरंजीखाली प्लास्टिकचा कागद अंथरा, नाहीतर जमिनीची ओल वर येते.

दहिवर काचेवरही पडतं. जाड पुठ्ठ्याची नळी करून दुर्बिणीच्या तोंडाला बसवली की बराच वेळ निभावतं. काच धुरकट झालीच तर रुमालाने पुसू नका, धुळीचे कण ओरखडे पाडतात. घरी आल्यावर दुर्बीण लगेच पेटीत कोंडू नका. झाकणं काढून, तोंड खाली करून सकाळपर्यंत खोलीत सुकू द्या, ओल आत राहिली तर भिंगाला बुरशी धरते.