लाकडी पेटीत माल बाहेरदेशी पाठवताय तं आधी शिक्का पाहा

आपल्याकडून कोणी माल बाहेर पाठवायला निघते तं बिल, लायसन, कस्टमचे कागद यातच जीव अडकून राहते, अन् माल ज्या लाकडावर ठेवला त्याच्याकडे कोणी पाहतच नाही. माझंही तेच झालं. पॅलेट (माल ठेवायच्या लाकडी चौकटी) तं लाकडातली कीड मारल्याच्या शिक्क्याचेच घेतले होते, पण कंटेनर भरताना पेट्या हलू नये म्हणून आरामशीनवरच्या आंब्याच्या चार पाचरी मधात ठोकल्या, सालीसकट! तिकडच्या बंदरात तेवढ्यावरून कंटेनर अडकला, भाडं चढत गेलं ते वेगळंच.

कच्च्या लाकडात भुंग्याच्या अळ्या, सूत्रकृमी राहतात, ते दुसऱ्या देशातल्या झाडांना लागले की जंगलंच्या जंगलं वाळतात. म्हणून २००२ पासून आयएसपीएम १५ हा लाकडी पॅकिंगचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पॅलेट, खोका, पाचर, टेकू, सगळं यात येते.

शिक्का असा ओळखायचा: गव्हाच्या ओंबीचं चिन्ह, बाजूला देशाचा कोड (आपला आयएन), एजन्सीचा नंबर अन् खाली ट्रीटमेंटचा कोड. एचटी म्हणजे लाकूड पार गाभ्यापर्यंत ५६ अंशाला सलग ३० मिनिटं तापवलेलं, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी. माझं ऐकाल तं एचटीच घ्या, मिथाइल ब्रोमाइड विषारी गॅस आहे अन् ओझोनलाही मारक. शिक्का शक्यतो समोरासमोरच्या निदान दोन बाजूंवर पाहिजे, हातानं लिहिलेला चालत नाही. तो मारायचा हक्क फक्त सरकारमान्य एजन्सीला, आरामशीनवाला "मी मारून देतो भाऊ" म्हणाला तं सरळ नाही म्हणा.

साल काढलेलीच पाहिजे. ३ सेंमीपेक्षा कमी रुंदीचा तुकडा राहिला तं चालते, मंग लांबी कितीही असो.

प्लायवूड, पार्टिकल बोर्ड अन् ६ मिमी किंवा त्याहून पातळ लाकडाला हा नियम लागत नाही. थोडाच माल असेल तं प्लायची पेटी बरी पडते, पण तिच्या खालचे ठोकळे साध्या लाकडाचे निघतात, त्यांना शिक्का लागतेच. इथंच लोक फसतात.

जुन्या पॅलेटची एक-दोन फळी बदलली तं नवी फळीही ट्रीट केलेली अन् वेगळ्या शिक्क्याची पाहिजे. एक तृतीयांशाच्या वर बदल झाला की जुना शिक्का खोडून पूर्ण पॅलेट पुन्हा ट्रीट करा.

कंटेनर सील व्हायच्या आधी टॉर्च घेऊन स्वतः आत जा, एकेक पाचर उलटून पाहा अन् प्रत्येक शिक्क्याचा मोबाइलवर फोटो काढा.