"किरकोळ कारणावरून" असं लिहू देऊ नका

मी सांगलीत विश्रामबागला समुपदेशन करते. काही वर्षांपूर्वी मिरजेचा एक पोरगा आला, डोळा काळानिळा. "गाडीवरनं पडलोय मॅडम." तिसऱ्या भेटीत खरं बोलला. समलिंगी पुरुषांच्या डेटिंग ॲपवर ओळख झालेल्यानं नदीकडच्या रस्त्यावर बोलावलं, तिथं त्याचे दोस्त आधीच उभे. मारलं, व्हिडिओ काढला, मोबाइलवरनं पैसे वळते करून घेतले. तक्रारीत उतरलं ते एवढंच: "किरकोळ कारणावरून शिवीगाळ करून लाथाबुक्क्यांनी मारहाण केली." बांधावरच्या भांडणालाही हेच वाक्य चालतं. दोष लिहून घेणाऱ्या एकट्याचा नाही. माझ्याही वहीत "शिव्या दिल्या" एवढंच होतं. कुठल्या, हे विचारायला मीच लाजले होते.

तुमच्याकडे असा कुणी आला, तर आधी शब्द टिपा. मारताना ते काय बोलले ते जसंच्या तसं, शिवीसकट, त्यांच्याच बोलीत. "पैसे काढ" हा लुटीचा शब्द. "तुझ्यासारख्यांना गावात ठेवत नाही" हा वेगळा. मारणाऱ्याच्या मनात काय होतं याचा पुरावा बहुतेक वेळा त्याच्या तोंडातच असतो, आणि मार खाल्लेला माणूस नेमका तोच भाग शरमेनं गाळतो.

"तिथं गेलासच कशाला?" हे विचारू नका. घरचे विचारतातच, एखादा साहेबही विचारेल. त्या प्रश्नाला माणूस खोटं उत्तर देतो आणि ते पुढं कोर्टात त्याच्याच अंगावर येतं. त्यापेक्षा त्याला त्या जागी मनानं परत उभं करा: अंधार होता का, कसला वास येत होता, गाडी चालू होती का बंद? फिशर आणि गायझलमन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी साक्षीदारांसाठी 1980 च्या दशकात बसवलेली पद्धत हीच. मग गप्प बसा. हकीकत मागंपुढं होईल, तशीच लिहा; क्रम तुम्ही लावू नका. आधी "गाडीवरनं पडलो" सांगितलं असेल, तर तेही लिहा, आणि घरी कळेल या भीतीनं सांगितलं हेही.

आता टोळक्याकडे. कॅरन फ्रँकलिन या न्यायवैद्यक मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1990 च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात कॉलेजच्या सुमारे 500 तरुण-तरुणींना विचारलं. समलिंगी समजून कुणाला मारलं किंवा धमकावलं, असं दहातल्या एकानं कबूल केलं. कारणं चार निघाली: मजा, दोस्तांपुढं मर्दानगी, "हे पाप आहे" ही धारणा, आणि "त्यानंच माझ्यावर नजर टाकली". हे वाचून मला आपल्याकडचे कट्टे आठवले. मजेसाठी आणि दोस्तांसाठी मारणाऱ्यांत प्रत्येकाचा जोर सारखा नसतो. म्हणून विचारा: पहिला हात कुणी टाकला, व्हिडिओ कुणी धरला, मागं कोण उभा राहिला? मागं राहिलेला बऱ्याचदा पुढं साक्षीला येतो.

चौथ्या कारणाचा बंदोबस्त आधीच करून ठेवा. "त्यानंच अंगाला हात लावला" हा बचाव ठरलेला. अमेरिकेत मॅथ्यू शेपर्ड या समलिंगी विद्यार्थ्याच्या खुनाच्या खटल्यात 1999 मध्ये आरोपीच्या वकिलांनी हाच सूर लावला. न्यायाधीशांनी तो चालू दिला नाही. इथं चॅट कामाला येतात: कुणी बोलावलं, जागा कुणी ठरवली. काही पुसू नका, लाजिरवाणंही नाही.

माणसं नीट मोजा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 117(4) ला पाच किंवा जास्त जण लागतात. गटानं जात, लिंग, भाषा, श्रद्धा किंवा तशाच इतर कारणावरून जबर दुखापत केली, तर सात वर्षांपर्यंत शिक्षा. लैंगिक कल त्यात नावानं नाही, पण "तशाच इतर" या शब्दांवर वकिलाला बोट ठेवता येतं. व्हिडिओची भीती घालून पैसे उकळले, तर खंडणीचं कलम 308. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. नाही घेतला, तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या दंड संहितेतल्या कलम 377 ची भीती घातली, तर सुप्रीम कोर्टाच्या निकालाची 6 सप्टेंबर 2018 ही तारीख सांगा: संमतीनं एकत्र आलेल्या सज्ञानांना त्या दिवसापासून ते कलम लागत नाही.

दवाखान्यात मारहाण झाल्याचं सांगूनच पोलीस केस करून घ्या. जखमेचे फोटो मोजपट्टी शेजारी धरून काढा, तीन दिवसांनी पुन्हा. मुका मार उशिरा रंग धरतो.

तो पोरगा पुन्हा आला तेव्हा मी वही पुढं केली. तोंडातनं शब्द निघेनात, तेव्हा त्यानं स्वतःच लिहिले. सुरुवातीला तो "तिघं-चौघं" म्हणायचा. लिहिताना पाच झाले, पाचवा गाडीजवळ उभा होता. त्याच्यापुढं त्यानं लिहिलं: "हा म्हणत होता, बास की आता."